वरच्या खिशातली तिजोरी

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा लिलाव चालू असतो. २० किलोच्या क्रेटमधले दोन टोमॅटो कुणी उचलले तर आपला आवाज चढतो. शर्टाच्या वरच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावणारा फोन मात्र रामभरोसे. क्रेट उचलायला वाकलात की गेलाच म्हणून समजा.

आणि नुसता फोन जात नाही. कव्हरमागे आधार कार्ड, एटीएम कार्ड आणि चिठ्ठीवर त्याचा पिन. चोराला परत विचारायला यायला नको! स्क्रीनलॉक? १२३४. ‘विसरायला होतं हो.’ कांद्याच्या चाळीला कुलूप, द्राक्षबागेला राखणदार. सिमकार्डलाही पिन लावता येतो, हे मात्र अजून कानावर नाही.

मे २०२३ पासून सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर चोरीचा फोन देशभर बंद पाडता येतो. पोलिसांत तक्रार द्यायची, फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, सांगायचा. तो *#०६# दाबलं की दिसतो. अर्थात फोन हातात असेल तर. नाहीतर खोक्यावर छापलेला असतोच. खोका कुठाय? त्यात आईने भेंडीचं बी ठेवलंय, नि वरचं स्टिकर पोरानं सोलून वहीला चिकटवलंय.