व्यायामकालनिर्णय

रोज किती वेळ व्यायाम केला म्हणजे तो केल्यासारखा होतो, या प्रश्नावरचे आजवरचे सारे विवेचन एका मूलभूत दोषाने ग्रासलेले आहे. घड्याळ सुरू कधी करायचे, हे कोणी सांगत नाही.

आधी पूर्वपक्ष. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम कष्टाचा व्यायाम सांगते. जोरकस असेल तर निम्मा पुरतो. आता घटका 24 मिनिटांची, म्हणजे किमान भरले सव्वासहा घटका. आठवड्याच्या घटका 420. दीड टक्क्याहूनही कमी! मंडईत कोणी इतका कमी भाव सांगितला तर जाणते गिऱ्हाईक माल उलटून बघते.

दुसऱ्या टोकाला जपानचे इझुमी ताबाता. त्यांच्या 1996 सालच्या प्रसिद्ध प्रयोगात 20 सेकंद जीव तोडून सायकल मारायची, 10 सेकंद थांबायचे, असे सात-आठ फेरे होते. आठ धरले तर चार मिनिटे, म्हणजे अवघी दहा पळे. हे ऐकून आळशी वर्गात जो आनंद पसरला तो अकाली होता. प्रयोगातली मुले शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होती, आणि त्या चार मिनिटांआधी दहा मिनिटे अंग गरम करणे होतेच. ते कोणी मोजत नाही. (तालमीत हा वादच नाही. तिथे वस्तादाला जोर किती मारले ते कळते, किती वाजले ते नाही.)

आयुर्वेदाने मिनिटे टाळून लक्षण दिले. वाग्भट म्हणतो, स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवंताने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, एरवी त्याहून कमी. तर्री असलेली मिसळ स्निग्धात मोडते असे धरले, तर पहिली अट बहुतेकांनी पार केली आहे. ‘बलवंत’ हा शब्द घाईने ओलांडू. अडचण पुढेच आहे. अर्धी शक्ती ओळखायची तर पूर्ण किती ते ठाऊक हवे, आणि ते ठाऊक व्हायचे तर ती एकदा पुरती संपवायला हवी. मग व्यायाम कोण करणार?

कपाळावर आणि नाकावर घाम येणे, तोंडाला कोरड पडणे ही अर्धशक्तीची खूण सांगतात. मुंबईत मे महिन्यात नुसते मोजे शोधतानाच हे सगळे होते, तेव्हा लक्षणावर अतिव्याप्तीचा दोष येतो. डिसेंबरात महाबळेश्वरला तासभर चालूनही कपाळ कोरडे, म्हणजे अव्याप्ती. न्यायशास्त्र शिकलेला माणूस इथेच चादर ओढून झोपतो.

आता सिद्धान्त. आमच्या सोसायटीतले एक काका ‘घर ते घर’ संप्रदायाचे आहेत. दाराला कडी लावल्यापासून ती पुन्हा काढेपर्यंतचा काळ तो व्यायामकाल, ही त्यांची व्याख्या. “रोज पर्वती करतो, सव्वा तास,” असे ते लिफ्टमध्ये सांगतात. एका सकाळी मी वही घेऊन सोबत गेलो. नोंदी अशा: जाता-येता स्कूटरवर 24 मिनिटे, म्हणजे नेमकी एक घटका. स्कूटर लावायला जागा शोधण्यात 6. वर उभे राहून पुणे किती बिघडले याची हळहळ 19. खाली उतरल्यावर पोहे आणि चहा 17. उरली 9 मिनिटे. त्यांत 103 पायऱ्या चढून उतरणे.

हा आकडा मी काकांना दाखवला तेव्हा ते गप्प झाले. ते स्वाभाविक होते. पूर्वीच्या नियमाने सलग दहा मिनिटे झाली तरच ती हिशेबात धरत. एका मिनिटापायी काकांची कित्येक वर्षांची पर्वती शून्यावर आली होती. पण संघटनेने 2020 मध्ये ती अट काढून टाकली. आता थोडेही मोजतात. हे कळल्यावर काकांनी मला दुसरा चहा पाजला आणि तो व्यायामकालात धरायला सांगितले.

एक शंका मात्र शिल्लक आहे. त्या नऊ मिनिटांत काका दोनदा पायरीवर बसले. “नाडी सुटली,” म्हणाले.

काकांच्या बुटांना वेल्क्रो आहे.