लाल काठाची चिलापी

रायगड जिल्ह्याचा आहे म्हटलं की समोरचा माणूस लगेच समुद्राचं बोलायला लागतो. घरातून लाटा दिसतात का, पापलेट स्वस्त पडत असेल ना. आमच्या कर्जत तालुक्याला आणि शेजारच्या खालापूरला समुद्राचा थेंबही नाही. खालापूरला लाटा येतात त्या टोलनाक्यावर, शनिवारी सकाळी. ‘अलिबागहून आलायस का?’ या वाक्प्रचारावर बंदी आणा म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली होती, ती 2019 साली फेटाळली गेली. म्हणजे जिल्ह्याच्या नावावर जो काही बावळटपणा जमा आहे तो आता रीतसर आहे, आणि आमचा तालुका त्यातला वारसदार. माझा हिस्सा मी पाण्याखाली मासे मारताना लावायचा चष्मा मागवून उचलला. काचेला गुलाबी झाक आणि खोक्यावर आश्वासन : पाण्याखाली वस्तूंचे खरे रंग दिसतील.

आता खरे रंग बघायला आधी पाणी हवं. आमच्याकडे ते पेज नदीला बारमाही असतं, त्याचं श्रेय वरुणराजापेक्षा विजेला जास्त. घाटावर ठोकरवाडीला अडवलेलं पाणी 1922 पासून टाटांच्या भिवपुरी वीजगृहात उतरतं, मुंबईचे दिवे लावतं आणि मग पेजेत येऊन राजनाला कालव्याच्या उन्हाळी भाताला जातं. खोपोलीत हाच उद्योग 1915 पासून पाताळगंगेच्या बाबतीत चालू आहे. मुळात हे पाणी भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचं. त्याला घाटावरून ढकलून अरबी समुद्राच्या पदरात घातलं. वीजगृह जोरात चाललं की नदी चढते. त्यामुळे मुंबईकर एसीचं बटण दाबायला लागले की आमच्याकडे डोहातल्या माणसाने मुकाट्याने काठावर यावं, हे इथलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक.

पावसाळ्यात चष्म्याचं काम नाही. पहिल्या पावसाच्या वलगणीला मासे स्वतःच चढून शेतात येतात, तिथे हातात बॅटरी आणि घरात मसाला असला की पुरे. चष्म्याचे दिवस दिवाळीनंतरचे, गढूळ खाली बसल्यावरचे. आमच्या बाजूच्या वाडीतली पोरं तेव्हा डोहात उतरतात. त्यांची बंदूक म्हणजे लाकडी दांडा, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि दगडावर घासून टोक काढलेली छत्रीची काडी. डोळ्यांना पट्टा तुटलेला, सुतळीने बांधलेला साधा चष्मा. माझा गुलाबी चष्मा हातात घेऊन त्यांच्यातल्या म्होरक्याने विचारलं, “काका, ह्यान् काय दिसतं?”

“खरे रंग.”

“रंग बगून काय कराचंय? हाललं तं मासा, नाय हाललं तं धोंडा.”

मत्स्यशास्त्राची इतकी आटोपशीर व्याख्या मी वाचलेली नाही. पण माझं उद्दिष्ट वेगळं होतं. विणीच्या दिवसांत चिलापीचा नर काळा होतो आणि त्याच्या परांना लाल काठ येतो. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, 1952 साली भारतात आला आणि आता आमच्यापेक्षा जुना रहिवासी असल्यासारखा वावरतो. काळ्यावर लाल काठ! आमच्या आईने पाहिला असता तर भाव विचारला असता. मला तो काठ त्याच्या घरी जाऊन बघायचा होता.

दिसला तो विटकरी. तोही चुलीजवळ वर्षभर ठेवलेल्या विटेसारखा.

आईचं एक तत्त्व आहे. दुकानातल्या दिव्याखाली साडी कधीच घ्यायची नाही. पदर धरून दाराबाहेर उन्हात जायचं आणि तिथे रंग ठरवायचा. दुकानदार “मावशी, कलर सेम आहे” म्हणत मागे धावतो. पण पाण्यात दार कुठलं? वरून येणारं ऊन वाटेतच लुबाडलं जातं. पाणी सगळ्यात आधी लाल खातं. स्वच्छ समुद्रात म्हणूनच सगळं निळं होतं. समुद्रसंशोधक कुस्तोने तर खोलात भाल्याने मारलेल्या माशाचं रक्त हिरवं दिसल्याचं लिहून ठेवलंय. आमच्या पेजेत कुजलेल्या पाल्याचा अर्क निळाही खातो. उरतो तो हिरवट-पिवळा, सरकारी कचेरीच्या भिंतीचा. माझ्या गुलाबी काचेचं म्हणाल तर ती लाल आणून देत नाही, ती फक्त हिरवा-निळा कापते. नसलेला लाल कापाकापीतून कसा येणार? आधीच कमी असलेला उजेड तेवढा आणखी कमी झाला. लाल हवाच असेल तर बॅटरी घेऊन माशाजवळ जावं लागतं, आणि बॅटरी बघून चिलापी थांबत नाही.

समुद्राच्या निळ्याचा दुसरा हिशोब, पाण्याने प्रकाश विखुरण्याचा, रामन यांनी 1921 च्या सप्टेंबरात विलायतेहून परतताना बोटीवर मांडला. समुद्र आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा दिसतो, हे शास्त्रज्ञ रॅले यांचं म्हणणं त्यांनी खोडलं. निळेपणा पाण्याचा स्वतःचा आहे. हे सांगणारं पत्र त्यांनी मुंबई बंदरात उभ्या असलेल्या ‘नारकुंडा’वरून धाडलं. मुंबई बंदराचं पाणी समोर असताना माणूस भूमध्य समुद्राच्या निळ्यावर ठाम राहतो, याला मी खरी शास्त्रीय निष्ठा म्हणतो.

तरी चष्मा वाया गेला असं नाही. उघड्या डोळ्यांनी पाण्यात बघितलं की सगळं धूसर होतं, कारण बुबुळावरचा पडदा हवेतच प्रकाश नीट वाकवतो. पाण्यात तो संपावर जातो. अंदमान समुद्रातल्या मोकेन लोकांची मुलं बाहुली बारीक करून बिनचष्म्याचीही छान बघतात, हे स्वीडनच्या ॲना गिस्लेन यांनी 2003 साली दाखवलं. आपल्याला मात्र डोळ्यासमोर हवेची खोली लागते. आणि त्या हवेत शिरताना प्रकाश असा वाकतो की मासा तीन चतुर्थांश अंतरावर आल्यासारखा वाटतो आणि एक तृतीयांश मोठा दिसतो.

एक तृतीयांश! मासे मारणाऱ्याच्या थापेला भौतिकशास्त्राने दिलेली ही अधिकृत सूट आहे. काठावरून गळ टाकणारा फुगवून सांगतो ती नुसती थाप. चष्मा लावलेल्याने सांगितली तर ते निरीक्षण. त्या दिवशी म्होरक्याने मारलेल्यातली एक चिलापी मी विकत घेतली. पाण्यात ती माझ्या कोपरापर्यंत भरली होती. घरी बायकोने पिशवी उघडली, आत बघितलं, माझ्या हातांमधलं अंतर बघितलं. मी अपवर्तनाचा नियम समजावला, आकृतीसुद्धा काढली.

तिने शांतपणे तुकड्या केल्या, मीठ-हळद लावली आणि म्हणाली, “चौघांना दोन-दोनच येतायत. तुम्ही चष्मा लावून बसा जेवायला, तुम्हाला एक पुरेल.”