चकतीवरच्या रेघा

कोलोन हे शहर मला पहिल्यांदा भेटलं ते कपाळावर. लहानपणी ताप चढला की आई कोलनवॉटरमध्ये भिजवलेली घडी डोक्यावर ठेवायची. फरीना या इटालियन घराण्याने 1709 साली तिथे पेढी काढली आणि पुढे आपल्या सुगंधी पाण्याला गावाचंच नाव दिलं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर ते औषध आहे अशीच माझी समजूत होती.

आम्ही दोघं तिथे चार दिवस राहिलो. टूरवाल्या मंडळींच्या हिशोबात हा शुद्ध आळशीपणा. त्यांच्या बसगाड्या कॅथीड्रलपाशी थांबतात, माणसं उतरतात, माना वर करून 157 मीटर उंची डोळ्यांत आणि मोबाइलमध्ये भरतात आणि पुढच्या देशाला निघतात. 1248 मध्ये सुरू झालेलं हे काम 1880 मध्ये पुरं झालं. मधली पावणेतीनशे वर्षं तर ते बंदच होतं. (आपल्या उड्डाणपुलांविषयी मी तेव्हापासून जपून बोलतो.) इतक्या सावकाश उभ्या राहिलेल्या इमारतीकडे घड्याळ लावून बघायचं माझ्या जिवावर आलं. समोरच्या बाकावर बसून राहिलो, आणि संध्याकाळी तहान लागली.

तिथल्या बियरचं नाव क्योल्श. गावाच्या बोलीचंही नाव क्योल्शच; जगात पिता येणारी भाषा एकटी आमचीच, असं तिथले लोक मिशीतल्या मिशीत हसत सांगतात. नागपुरी संत्र्याला आहे तसं या बियरलाही भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ती कोलोन आणि आसपासच्याच भट्ट्यांतली असावी लागते. रंग फिक्या सोन्याचा, ग्लास उभा, सडपातळ आणि जेमतेम 200 मिलीचा. मोठ्या ग्लासात ती लवकर मरगळते, म्हणून थोडी थोडी, ताजी ताजी प्यायची. चाळीसेक किलोमीटरवरच्या ड्युसेलडॉर्फात तांबूस रंगाची आल्टबियर पितात. तिचं नाव इथे काढू नये. कोल्हापुरात बसून पुण्याच्या मिसळीची तारीफ करण्यापैकी ते आहे.

वाढप्याला तिथे क्योबेस म्हणतात. निळा एप्रन, भरघोस पोट आणि चेहऱ्यावर, तुम्ही उशीर केलात, असा भाव. आपल्याकडे कटिंग आणणाऱ्या पोऱ्याच्या हातात तारेची जाळी असते ना, तसलाच पण गोल, मधोमध मूठ असलेला ट्रे घेऊन तो फिरतो. हिने सफरचंदाचा रस आणि सोडा मागितला, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मी मेनूवर ‘हाल्वे हान’ वाचलं, म्हणजे अर्धा कोंबडा, आणि ऑर्डर देऊन टाकली. आला तो राय धान्याचा पाव, चीजचा जाड तुकडा, कांदा आणि वाटलेली मोहरी. पदार्थाचं नावच तसं आहे. कोंबडा त्यात कधी नसतोच. शाकाहारी बायकोने तो समाधानाने संपवला.

इकडे माझा ग्लास रिकामा होताच दुसरा आला.

“अहो, तुम्ही मागवलात?”

“नाही गं.”

क्योबेसने ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि तो गेला. मग तिसरा. चौथ्याच्या वेळी मी पंगतीतल्या सवयीने ग्लासावर हात आडवा धरला. हातावरून जिलबी सोडणारे वाढपी मी पाहिले आहेत; याने भरलेला ग्लास मुकाट्याने हाताशेजारी ठेवला. रेघ ओढली. आग्रह म्हणावा तर तोंडातून एक शब्द नाही!

पुढचा संपत आला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना माझी दया आली. त्यांनी स्वतःची चकती उचलली, आपल्या ग्लासावर झाकणासारखी ठेवली आणि भुवया उंचावल्या. पुरे म्हणायची तिथली रीत ही. चकती ग्लासावर गेली की क्योबेस थांबतो. तोवर रिकामा ग्लास म्हणजे मागणीच. मी घाईघाईने झाकण घातलं.

बिल म्हणजे तीच चकती. त्याने रेघा मोजल्या, सात. माझ्या हिशोबाने पाच. मी मदतीच्या आशेने बायकोकडे पाहिलं. तिने क्योबेसच्या बाजूने साक्ष दिली.