पगाराचा रकाना कुठे आहे?

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-केरी परिसरात आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत. मुलांसाठी चार्टर शाळेचा अर्ज भरताना ती विचारतात: सोडतीत नंबर लागेल का, निकाल कसे आहेत? मी म्हणतो, आधी हे विचारा: इथल्या किती शिक्षकांकडे परवाना आहे, आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात का?

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, कारभार मात्र स्वतंत्र मंडळाकडे असतो. 1988 मध्ये ही कल्पना उचलून धरली ती शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी. शिक्षकांनीच नव्या वाटेच्या शाळा काढाव्यात म्हणून. मिनेसोटाच्या 1991 च्या पहिल्या कायद्यात तर मंडळावर परवानाधारक शिक्षकांचं बहुमत सक्तीचं होतं. पुढे ती सक्ती गेली. ॲरिझोनाने चार्टर शिक्षकांना प्रमाणपत्राची अटच ठेवली नाही. नॉर्थ कॅरोलायनाने निम्म्या शिक्षकांकडे परवाना असावा, एवढ्यावर भागवलं. शिक्षकांसाठी निघालेल्या शाळेत शिक्षकाचीच अट सैल होत गेली, याचा मला राग येतो.

त्याच नॉर्थ कॅरोलायनात, परवान्याच्या पुढे जाऊन नॅशनल बोर्ड या शिक्षकांना प्रमाणित करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाला 12 टक्के जादा पगार मिळतो. हे प्रमाणपत्र फुकट पदरात पडत नाही. विषयाची परीक्षा द्यायची, स्वतःच्या तासाचं चित्रीकरण पाठवायचं, मुलांच्या वह्यांतलं काम दाखवून आपण काय शिकवलं आणि कुठे कमी पडलो हे लिहून द्यायचं. शुल्क सुमारे 1,900 डॉलर. शाळा सुटल्यावर, घरचं आवरून, रात्री जागून माणसं हे करतात. चार्टर शाळेला मात्र सरकारी वेतनश्रेणी बंधनकारक नाही. तीच मेहनत, तोच कागद. पगार वाढवायचा की नाही, हे मंडळ ठरवणार.

राज्य सरकारला माझं सांगणं असं: शाळांना मोकळीक जरूर द्या. वेळापत्रक, पुस्तकं, शिकवायची पद्धत त्यांची त्यांनी ठरवावी. पण नवी शाळा काढायच्या अर्जात इमारत, अंदाजपत्रक, पटसंख्या हे सगळं भरून घेता, तिथेच प्रमाणित शिक्षक किती नेमणार आणि त्यांना किती जादा देणार, तेही लिहून घ्या. शाळेला दिलेल्या सनदेची, म्हणजे चार्टरची, मुदत संपली की मुलांच्या गुणांसोबत तो आकडाही तपासा. किती शिक्षक टिकले, किती सोडून गेले, हेही बघा. पगाराचं वचन पाळलं नसेल, तर नूतनीकरण रोखा.