शिवारही कॉलेजच्याच हद्दीत

खरीप सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर 'कृषिकन्यांचे गावात स्वागत' हा मथळा दिसू लागतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची मुलंमुली पदवीच्या शेवटच्या वर्षी 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात मुक्कामाला जातात. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क अशी प्रात्यक्षिकं होतात. बातमीत सरपंचांचं नाव असतं, प्राचार्यांचं असतं, कार्यक्रम अधिकाऱ्यांचंही असतं. गावात एखाद्या मुलीला त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची, ते नाव मात्र कित्येकदा त्या मुलीलाच कुणी सांगितलेलं नसतं.

'गावात घडलं, कॉलेजचा काय संबंध?' हा प्रश्न विचारायची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांनी परिसराची व्याख्या कुंपणापलीकडे नेली आहे. क्षेत्रभेट, इंटर्नशिप, अभ्याससहल, शिबिर हे सारं तिच्यात येतं. यजमान शेतकऱ्याचा बांध आणि गोठाही आला. त्रास देणारा बाहेरचा असला, तरी विद्यार्थिनीला सर्व मदत करणं संस्थेवर बंधनकारक आहे. मुलांनाही संरक्षण द्यायला हे विनियम सांगतात, म्हणून 'कृषिदूत' म्हणवणाऱ्या मुलांनाही ते वाचून दाखवा.

कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती हा पहिला दरवाजा; दुसरा सरकारी आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आपली बहुतेक शेतं याच हिशोबात बसतात. ग्रामीण भागात तालुक्याला समन्वय अधिकारी नेमायचा असतो आणि त्यानं आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. गावात पाऊल टाकण्याआधी या अधिकाऱ्याचं नाव किती मुलींच्या हातात पडतं? प्राचार्यांनी याचं उत्तर लेखी द्यावं.

खरी गाठ गुणांची आहे. ज्यांच्या शेऱ्यावर सत्राचा निकाल ठरतो, त्यांच्याचमार्फत तक्रार करायची असेल तर मुलगी गप्प बसते. निकाल लागेपर्यंत थांबू म्हणते. पण तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात, आणि ते पटवण्याचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर. गुण देणारा आणि तक्रार घेणारा एकच माणूस असेल, तर ती पद्धत मुलीला गप्प बसवण्यासाठीच आहे.

शरीराला असलेला धोकाही तक्रारीचाच विषय आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रोज शेतात राबणाऱ्यांची ही गत झाली, तिथे विशीतल्या विद्यार्थ्याच्या पाठीवर पंप देताना हातमोजे, मास्क, चष्मा दिलाच पाहिजे. ते नसतील तर 'मी फवारणी करणार नाही' म्हणण्याचा हक्क त्याला हवा, आणि त्यापायी एक गुणही जाता कामा नये. ओल्या हातानं स्टार्टर दाबायला लावलं, चालू रोटाव्हेटरजवळ उभं केलं, तर तेही रावेच्या दैनंदिनीत नोंदवता आलं पाहिजे.

'आमच्या गावात असं काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी शांतपणे ऐकावं. पोटच्या पोरीसारखी काळजी घेणारी यजमान घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांना लेखी नियमांचा काहीच जाच नाही. उलट अपघात झाला तर कॉलेजची जबाबदारी कोणती आणि शेतकऱ्याची कोणती, हे कागदावर आधीच असल्यानं त्यांचाही बचाव होतो.

मागण्या चारच. रावेच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर अंतर्गत तक्रार समिती, तालुक्याचा समन्वय अधिकारी आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय यांचे फोन छापा. यजमान शेतकऱ्याशी एक पानाचा लेखी करार करा. दर आठवड्याला गुणांशी संबंध नसलेल्या शिक्षिकेनं मुलींना एकट्यानं भेटावं. तक्रार आली की त्याच दिवशी मुलीची दुसरीकडे सोय करा आणि तिचं सत्र वाया जाऊ देऊ नका. एवढी तयारी ज्या महाविद्यालयाला जमत नाही, त्याला विद्यार्थी गावात पाठवण्याची परवानगी विद्यापीठानं देऊ नये.