तख्त कुठंय?

मराठी माणूस केरळात हिरवळ बघायला जातो, राजस्थानात वाळवंट बघायला जातो. दिल्लीला मात्र तो वारसदार म्हणून जातो. सातबाऱ्याचा उतारा काढायला तालुक्याला निघावं, तसा. तिथे आपलं काय काय होतं, त्यातलं किती उरलंय आणि सध्या वहिवाट कोणाची आहे, एवढंच त्याला तपासायचं असतं. बाकीच्या देशाला दिल्ली धुरामुळे, गर्दीमुळे किंवा रिक्षावाल्यांमुळे नकोशी होते. आपला अपेक्षाभंग थेट अठराव्या शतकातला असतो.

आमचे मामा याच पंथाचे. जिल्हा बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी इतक्या वेळा वाचली, की शेजारच्या भाऊंची कोणी चौकशी केली तरी ते सदाशिवरावांची तब्येत सांगू लागत. मामींचं म्हणणं साधं होतं: कुतुबमिनार, लोटस टेंपल, करोलबाग, आणि जमल्यास मटार स्वस्त असतील तर मटार. सकाळ मामींची आणि दुपार मामांची, असा तह करून आम्ही जानेवारीत दिल्लीत उतरलो. हमाल मी.

मामींच्या सकाळी लवकर आटोपल्या. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर उंच आहे, पण १९८१ पासून आत चढायला बंदी. म्हणजे चढायचं मानेनं. तिथल्या लोहस्तंभाला पाठ टेकून मागून हात जुळवले की मनातली इच्छा पुरी होते, असं मामी ऐकून होत्या. आता स्तंभाभोवती कुंपण आहे. दीड हजार वर्षं पावसाला दाद न देणारं लोखंड पर्यटकांच्या घामाला भ्यालं असणार. लोटस टेंपलला लांबलचक रांग लावून आत गेलो, तर सत्तावीस पाकळ्यांच्या आत शांतता आणि बाकं. बहाई पंथात मूर्ती नाही. मामींनी हात जोडले खरे, पण कुठल्या दिशेला नमस्कार करायचा ते ठरेना. शेवटी त्यांनी स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली. इंडिया गेट धुक्यात होतं. ते समोरच असल्याची ड्रायव्हरने शपथ घेतली, आणि आम्ही त्या पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काढले.

मामांची मोहीम तालकटोऱ्यापासून सुरू झाली. १७३७ साली पहिले बाजीराव अचानक दिल्लीच्या दाराशी येऊन ठेपले, ते या भागात. ज्या तळ्यावरून नाव पडलं त्यात पाणी असेल, काठावर एखादा अश्वारूढ पुतळा असेल, अशी मामांची कल्पना. पाणी नव्हतं, बंदिस्त स्टेडियम होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन इथेच भरलं, हे सांगून मी मामांची समजूत घातली. मामा थोडे सावरले. “बाजीराव तीन दिवसांत निघून गेले होते,” ते म्हणाले. “संमेलन किती दिवस?” तेही तीनच दिवस होतं. परंपरा टिकल्याचं समाधान घेऊन आम्ही पुढे निघालो.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो. साप्ताहिक सुट्टी घेणारी राजसत्ता मामांना पटली नाही, पण मंगळवारी ते पुन्हा फेटा बांधून हजर. दिवाण-ए-खासमध्ये स्वर्गाचा दावा करणाऱ्या फारसी ओळी आहेत, स्वर्गातला म्हणवणारा कोरडा पाट आहे, आणि मधोमध एक संगमरवरी चौथरा आहे. मामा चौथऱ्यापुढे थांबले.

“तख्त कुठंय?”

“नादिरशाह ले गया,” गाइड म्हणाला. “१७३९ में.”

“और छत को चांदी थी ना?”

गाइडने फेट्याकडे नीट पाहिलं. “आप लोग कहाँ से?”

“महाराष्ट्र.”

“तो चाँदी का हिसाब आप दीजिए.”

हिसाब खरा होता. ऑगस्ट १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली तेव्हा फौज मोठी होती आणि खजिना रिकामा. फौज उपाशी ठेवता येईना, तेव्हा याच छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली गेली. उभी हयात बँकेत काढलेल्या मामांना व्यवहार लगेच समजला. “तारण मोडलं,” ते पुटपुटले. मामींनी मात्र वर रंगवलेल्या लाकडी छताकडे बघून सगळ्या सहलीचं सार काढलं: “म्हणजे आपणच उचलून नेलं आणि आता ते नाहीये, हे बघायला आपणच तिकीट काढलं?”

पुढची दुपार नोएडाची. नोएडात पर्यटक जात नाहीत. मामांचा आग्रह होता. १७८८ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेने गुलाम कादिरच्या तावडीतून दिल्ली सोडवली आणि पुढे १८०३ पर्यंत तिथे शिंद्यांचा अंमल राहिला. ११ सप्टेंबर १८०३ ला जनरल लेकने यमुनेपलीकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या आणि आपली दिल्ली गेली. त्या लढाईची खूण सांगणारा एक स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. मेट्रोचं स्टेशनसुद्धा त्याच नावाचं आहे. पडके बुरूज, घोंघावणारा वारा, निदान एक उदास घुबड, एवढ्या तयारीने मामा आले होते. समोर पाणी मारलेली हिरवळ आणि पांढऱ्या टोप्या.

“मेंबर हैं, सर?” फाटकावरच्या माणसाने अदबीने विचारलं.

“मेंबर नहीं, हम मराठे हैं. हमारा राज्य इधर गया.”

तो क्षणभर विचारात पडला. त्याच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता. “खोया-पाया रिसेप्शन पर पूछ लीजिए, सर,” त्याने मनापासून सल्ला दिला. त्याचं काय चुकलं?

शेवटी पानिपत. १७६० च्या हिवाळ्यात अब्दाली मध्ये येऊन बसला, पानिपत आणि दिल्ली यांच्यातली वाट तुटली, फौजेची उपासमार झाली, आणि मग १४ जानेवारी १७६१ उजाडली. आता पानिपत सरकारी हिशेबात राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतं. मामांच्या मते निर्णय योग्य, फक्त अडीचशे वर्षं उशिरा झाला. रसदीची सोयही सुधारली आहे. वाटेत मुरथलच्या ढाब्यांवर पराठ्यावर लोण्याचा एवढा गोळा घालतात की आज इथे कोणाची उपासमार करायची तर आधी ढाबे बंद करावे लागतील.

काला आंब या ठिकाणी नीटनेटकी बाग आहे आणि स्तंभ आहे. रक्ताने जमीन भिजून काळा पडला असं सांगतात, तो आंबा मात्र केव्हाच गेला. या वेळी प्रश्न मामींचा होता. “आंबा कुठंय?” मामांनी फेटा सारखा केला आणि गप्प राहिले. तेवढ्यात एक उंचापुरा हरियाणवी गृहस्थ जवळ आला. “महाराष्ट्र से? म्हारे पुरखे भी मराठे थे जी.” तो रोड समाजाचा होता. लढाईनंतर इकडेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणून हे लोक स्वतःची ओळख सांगतात आणि दर १४ जानेवारीला या जागी जमतात. साऱ्या प्रवासात वारसदाराला वारसदार भेटला तो इथे. मामांनी त्याला कडकडून मिठी मारली. त्याने चहा पाजला, ऊस दिला, आणि मग भावाच्या ब्लँकेटच्या दुकानात नेलं. जगभरातले जुने लोकरी कपडे पिंजून पानिपतात त्यांचा पुन्हा धागा होतो, हे मामांना पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं. मामी घासाघीस करू लागल्या, तेव्हा मामांनी त्यांना अडवलं. आपल्या माणसाशी भाव करायचा नाही! अशा रीतीने पानिपतावर मराठे पुन्हा हरले, आणि चार ब्लँकेटं माझ्या डोक्यावर आली.

परतीच्या गाडीत मामा नकाशा उघडून बसले होते.

“पुढच्या वर्षी अटक,” ते म्हणाले. “१७५८ साली आपण तिथपर्यंत गेलो होतो.”

“मामा, ते पाकिस्तानात आहे. आपल्याला कोण जाऊ देणार?”

“म्हणजे जाताच येणार नाही?”

“नाही.”

मामांनी नकाशावर अटकेला पेन्सिलने गोल केला आणि समाधानाने पाय लांब केले. “मग ते नक्की चांगलं असणार.”