१९४७ : गुण शून्य

भारत कोणत्या वर्षी स्वतंत्र झाला, असा प्रश्न आठवीच्या ऑनलाइन चाचणीत आला. आमच्या इमारतीतल्या मुलीने ‘१९४७’ लिहिलं आणि तिला शून्य गुण मिळाले. स्क्रीनवर लाल फुली, तिच्याखाली ‘योग्य उत्तर’, आणि तिथेही एकोणीसशे सत्तेचाळीसच! फक्त इंग्रजी आकड्यांत. बाईंनी उत्तरसूची भरली तेव्हा त्यांचा कीबोर्ड इंग्रजीत होता, मुलीचा मराठीत. फॉर्म बिचारा खुणेला खूण लावून बघतो. देवनागरी एक आणि इंग्रजी एक यांचे युनिकोडमधले क्रमांक वेगळे, म्हणजे उत्तर चूक. देश कधी का स्वतंत्र होईना.

अहवाल मात्र देखणा आला. ‘स्वातंत्र्यलढा’ या घटकापुढे मुलीचा चौकोन लालभडक : ‘संकल्पना अस्पष्ट, उपचारात्मक अध्यापनाची गरज’. उपचार म्हणून एक व्हिडिओ आला. त्यात एक गोड आवाज सांगतो की, भारत १९४७ साली स्वतंत्र झाला. मुलीने तो दीडपट वेगाने बघितला आणि फेरचाचणीत पुन्हा ‘१९४७’ लिहिलं. प्रगती दिसून येत नाही.

केंद्राच्या कारभारात भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप वापरावं, असं राज्यघटनेचं ३४३वं कलम सांगतं. देवनागरी अंकांनाही त्याच कलमात वाट ठेवली आहे. घटना लिहिणाऱ्यांनी भरपूर वाद घालून हा तोडगा काढला. आठवीच्या फॉर्मने तो एका फुलीत निकालात काढला. आता कुणी म्हणेल, बाईंनी उत्तरसूचीत दोन्ही रूपं भरावीत. भरतील की! मग ‘सन १९४७’ही भरा, ‘१९४७ साली’ भरा, ‘१५ ऑगस्ट १९४७’ भरा, ‘एकोणीसशे सत्तेचाळीस’ भरा, त्यातला ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाऱ्यांसाठी आणखी चार भरा. वाक्य पूर्ण करून पूर्णविराम देणाऱ्यांचं काय? पूर्णविराम द्यायला याच बाई मराठीच्या तासाला शिकवतात आणि इतिहासाच्या तासाला त्याच ठिपक्यापायी गुण जातो. भूगोलात तर ‘दऱ्या’ लिहायचीच सोय नाही. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना फरक दिसत नाही, फॉर्मला दिसतो. या सगळ्यातून पैकीच्या पैकी कोणाला मिळाले? ज्याच्या मित्राने आधी चाचणी देऊन योग्य उत्तरांचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, त्याला. त्याने ठिपक्यासकट उतरवलं. डॅशबोर्डवर त्याचा चौकोन हिरवागार आहे : ‘संकल्पना दृढ’.

शाळेत विचारलं तर म्हणाले, “सिस्टीममध्येच तसं आहे.” अहो, सिस्टीम कोणी आणली? उत्तर अर्धवट आहे पण पोरीला समजलंय, हे वहीवरून ओळखणारं माणूस तुमच्याकडे पगारावर आहे. ‘साल बरोबर, कारण चुकलं’ असं समासात लिहून अर्धा गुण देणारं. त्या माणसाला तुम्ही लिंका पाठवायला, हजेरीचे स्क्रीनशॉट काढायला आणि एक्सेलचे रकाने भरायला बसवलंय. वाचायचं काम दिलंय ज्याला वाचता येत नाही त्याला. वर याला म्हणायचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन! वस्तू निष्ठेने फुल्या मारते, एवढं खरं. दहा ओळींचं उत्तर तर प्रश्नपत्रिकेतून हद्दपारच झालंय, कारण ते तपासायला माणूस लागतो आणि माणसाचा आलेख काढता येत नाही.

तक्रारीची दखल घेतली गेली, हे सांगायला हवं. शिक्षकांसाठी ‘मूल्यमापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’ या विषयावर ऑनलाइन प्रशिक्षण ठेवलंय. शेवटी प्रश्नमंजुषा आहे. चाळीस टक्के पडले की ई-प्रमाणपत्र लगेच मेलवर येतं. कमी पडल्यास पुन्हा सोडवा, हवं तितक्या वेळा. सूचना एकच : नाव इंग्रजीतच टाकावे, मराठीत टाकल्यास प्रमाणपत्रावर चौकोन उमटतात.